लेअरबापू

बापूंनी लेअर टाकलीय ही बातमी गावात पसरली तेव्हा सगळ्यात आधी आला तो कोंबडीखाद्यवाला. आमच्या वाळवा तालुक्यात लेअर टाकली म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांची शेड घातली, याला दुसरा अर्थच नाही. खायची ती बॉयलर आणि अंड्याची ती लेअर, हे आमच्या पोरांना बाराखडीच्या आधी कळतं. खाद्यवाल्यानं मोटरसायकल स्टँडला लावता लावता विचारलं, "किती पक्षी?" बापू लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाले, "सध्या चौदा हायत." चौदा पक्ष्यांसाठी आपण पेठ नाक्यावरनं पेट्रोल जाळत आलो हे कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. "पण वाढवणार हाय," बापू त्याला धीर देत म्हणाले, "मातीचा एक झाला, उताराचा एक झाला, आता विहिरींचा घालायचाय." खाद्यवाला चहाला न थांबता गेला आणि जाताना ‘लेअरबापू’ हे नाव मागं ठेवून गेला.

बापू नात्यानं माझे चुलते. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, सदऱ्याच्या खिशात पूर्वी तंबाखूची चंची असायची तिथं आता पॉवर बँक. साखर कारखान्याच्या गट ऑफिसात तीस वर्षं ऊस नोंदी करण्यात गेली. कुणाची लागण कधीची, जात को ८६०३२ की दुसरी, क्षेत्र किती, खोडवा की लागण, हे सगळं रजिस्टरात आणि त्याहून जास्त डोक्यात. शेतकरी सांगेल ते क्षेत्र लिहायचं अशी पद्धत होती आणि शेतकरी नेहमी ‘एकर’ सांगायचा. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत कारखान्यानं हातात टॅब दिला. रानाच्या कडेनं एक फेरी मारायची, निघालो तिथं परत यायचं, की टॅबवर क्षेत्र हजर. पहिल्याच हंगामात गावातले निम्मे एकर चौतीस-पस्तीस गुंठ्यांवर आले. लोक चिडले. आज्यापासून एकर असलेलं रान एका फेरीत आटतं म्हणजे काय? "यंत्र गुंठं खातंय," अशी तक्रार गट ऑफिसात आली. "यंत्रानं न्हाई, बांधानं खाल्लं," बापू म्हणाले, "आणि काही तुमच्या भावानं."

ती फेरी बापूंच्या अंगात भिनली. एकदा वस्तीवरचं कुत्रं मागं लागलं. बापू टॅब छातीशी धरून शेजारच्या सोयाबीनमधून पळाले, कुत्रं दमल्यावर पुन्हा बांधावर आले आणि राहिलेली फेरी पुरी केली. टॅबनं इमानेइतबारे सगळं टिपलं. कारखान्याला पाठवताना त्यांनी आकृती दुरुस्त केली, पण स्वतःच्या नकाशात त्या फडाला ईशान्येच्या बाजूनं अजून एक लांब शेपूट आहे. त्यावर बापूंनी नाव टाकलंय : कुत्र्याचा कोपरा.

निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात. बापूंनी पुतण्याकडून क्यूजीआयएस नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घालून घेतलं आणि बारा महिने शिवाराची प्रदक्षिणा सुरू केली. काकीला जीआयएस म्हणजे काय ते त्यांनी तीन दिवस समजावलं. चौथ्या दिवशी पोळपाटावरून मान न हलवता काकी म्हणाली, "म्हणजे चपातीचे पदर की. घडी घातली तर एक दिसती, सोडवली तर चार." जगात या विषयावर जाडजूड पुस्तकं आहेत, पण मला तरी यापेक्षा बरी व्याख्या भेटलेली नाही. बापूंना ती आवडली, फक्त आपला विषय तीन मिनिटांत संपला याचं वाईट वाटलं.

नकाशावर नकाशा बसवणं हे ऐकायला सोपं आहे. बापूंनी गावचा जुना नकाशा मिळवला, कापडावर डकवलेला, घड्यांवर झिजलेला. त्याचा फोटो काढून तो आजच्या उपग्रहचित्रावर बसवायचा, तर दोन्हींत सापडतील अशा न हललेल्या खुणा लागतात. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, पाटलांची विहीर आणि मारुतीचं देऊळ अशा खुणा बापूंनी धरल्या. नकाशा बसला, पण वरचा सगळा भाग तिरका आणि तीन घरं ओढ्यात. आठ दिवस बापूंना झोप नाही. शेवटी देवळाच्या पुजाऱ्यानं सहज सांगितलं की जीर्णोद्धारात मारुती वीसेक फूट पूर्वेला सरकवलाय. एका मारुतीपायी गाव तिरकं झालं होतं. बापूंनी देवाला सोडलं, वडाच्या पाराला धरलं आणि घरं कोरड्यात आली.

पुढं त्यांनी शेजारच्या गावाचा नकाशा आपल्या गावाला जोडून पाहिला. दोन नकाशे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हातांनी काढलेले, त्यामुळं शिवेला शीव जुळेना. एका ठिकाणी दोन्ही गावांनी एकच ओघळ आपापली म्हणून काढलेली, तर दुसऱ्या ठिकाणी मधोमध फट. कागदावर कुणाचीच नसलेली निमुळती पट्टी. हा दोष नकाशांचा आहे, जमिनीचा नाही, असं बापू घसा फोडून सांगत होते. तरीही ती पट्टी आपल्या नावावर करता येईल का हे विचारायला तीन जण येऊन गेले. त्यातला एक शेजारच्या गावचा.

पारावर बसले की बापू इतिहास सांगतात. कॅनडात १९६०च्या दशकात सरकारला प्रश्न पडला की एवढ्या मोठ्या मुलखात कुठली जमीन शेतीला ठेवायची, कुठली जंगलाला, कुठली चराईला. नकाशांचे ढीग माणसांनी हातानं ताडून बघायचे तर हयात गेली असती. रॉजर टॉमलिन्सन नावाच्या भूगोलवाल्यानं ते काम संगणकाला शिकवलं आणि या प्रकाराला नावही दिलं. म्हणजे हे शास्त्र जन्मलंच मुळी शेतजमिनीच्या पोटी, हे सांगताना बापूंचा आवाज असा होतो की टॉमलिन्सनसाहेब आपल्याच गटाचे सभासद होते.

मग ते इंदापूरवर येतात. १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रजांनी इंदापूर तालुक्यात शेतन् शेत मोजायला घेतलं. नुसतं मोजलं नाही. शेताचे चौकोनी भाग पाडले, भागाभागात खणून मातीची खोली पाहिली, काळी की तांबडी की बरड ते लिहिलं. काळी कसदार आणि पावणेदोन हात खोल असली तर सोळा आणे. मग दोष. चुनखडी असेल तर खाली एक वर्ग, रेती असेल तर आणखी एक, उतार असेल तर एक, पाण्यानं वाहून जात असेल तर एक, ओल साचत असेल तर एक. "सांगा बघू, ह्यो लेअर न्हाई तर काय हाय?" असं म्हणून बापू पारावरच्या प्रत्येकाकडं आळीपाळीनं बघतात. पारावरचे लोक तंबाखू मळत ‘आमचं रान किती आण्याचं?’ एवढंच विचारतात. उत्तर कितीही आलं तरी त्यांना ते कमी वाटतं.

बापूंच्या कलेचा सगळ्यात थेट उपयोग मात्र लग्न जमवण्यात झाला. माझ्या चुलत बहिणीला माणदेशाकडचं स्थळ आलं. मुलगा पदवीधर, निर्व्यसनी, साडेपाच एकर बागायत. घरात मुलाचा फोटो हातोहात फिरत होता तेव्हा बापूंनी फक्त गट नंबर मागून घेतला. सरकारच्या संकेतस्थळावरून गटाची हद्द उतरवली आणि ती युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाच्या चित्रांवर ठेवली. ही चित्रं फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांनी नवं येतं. आणि त्यातला एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे शंभर चौरस मीटर. आपला गुंठा तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, म्हणजे एकशे एक चौरस मीटर. "आकाशातनं गुंठ्यानं मोजत्यात बघ," असं म्हणताना बापूंना युरोपविषयी जिव्हाळा दाटून येतो.

हिरवं पान लाल उजेड शोषून घेतं आणि आपल्याला न दिसणारा अवरक्त उजेड परत फेकतं. या दोहोंतल्या फरकावरून उणे एक ते अधिक एक असा आकडा निघतो. पीक जोमात तर आकडा वर, उघडी माती शून्याच्या जवळपास. बापूंनी गेल्या पाच वर्षांतले एप्रिल तेवढे काढले. पावसाळ्यात काय, सगळेच बागायतदार. एप्रिलमध्ये ज्याचं रान हिरवं त्याचं पाणी खरं. साडेपाच एकरांपैकी पाच वर्षांत कायम हिरवा राहिलेला भाग निघाला पाऊण एकर. बाकी सगळं मातकट. बैठकीत बापूंनी लॅपटॉप मुलाच्या वडिलांपुढं ठेवला. वडील बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आमची विहीर बी दिसती काय यात?"

"विहीर न्हाई. पण तिचं पाणी मार्चात संपतंय ते दिसतंय."

काकीनं हळूच विचारलं, "पोरगा कसा हाय ते दिसतंय का?"

"दहा मीटरचा ठिपका हाय," बापू म्हणाले, "त्यात पोरगा दिसत न्हाई."

लग्न झालं. पोरगा चांगला निघाला. बापूंनी जावयाला पोशाखाबरोबर एप्रिलचे पाच नकाशे लॅमिनेट करून दिले आणि त्यानंही ते भिंतीला लावले, यावरून तो किती चांगला निघाला हे समजावं.

असं नाव झाल्यावर बांधाची भांडणं दारात येणारच. दोघे सख्खे भाऊ एका सकाळी आले, एकमेकांकडं पाठ करून पायरीवर बसले. दीड फुटाचा वाद. बापूंनी दोघांना बांधावर नेलं, फोन काढला आणि दाखवला. "ह्या फोनची चूक उघड्या रानात तीन ते पाच मीटर. तुमचं भांडण दीड फुटाचं. फोन म्हणतोय तुम्ही दोघं बी तिसऱ्याच्या रानात हुबं हाईसा." मग त्यांनी नीट सांगितलं की मोजणीचा अर्ज करा, भूमापक रोव्हर घेऊन येतात, त्यात सेंटिमीटरपर्यंत कळतं, आणि कायद्यानं तीच मोजणी धरली जाते, माझी नाही. थोरला म्हणाला, "आमाला मोजायचंच न्हाई. त्यो चुकलाय एवढं फकस्त कागदावर द्या." धाकट्यालाही तेवढंच हवं होतं, फक्त नाव उलटं. एवढ्या एका मुद्द्यावर भावांचं एकमत झालं.

जुलै-ऑगस्ट हे बापूंचे वनवासाचे महिने. पीक ऐन भरात आणि वर ढगांची गोधडी. ज्या काळात शेतात काय चाललंय हे बघायची गरज, नेमकं त्याच काळात चित्र पांढरं. रडारचे उपग्रह ढगांतून बघतात, पण ती चित्रं काळीपांढरी, ठिपक्याठिपक्यांची, अल्ट्रासाउंडसारखी. बापू तासन् तास त्यांच्याकडं बघतात आणि काकी विचारते, "काय हाय, मुलगा का मुलगी?" तेवढ्या काळात ते लोकांना ई-पीक पाहणी भरून देतात. १५ ऑगस्ट २०२१पासून आपल्या पिकाचा फोटो आपणच आपल्या गटात उभं राहून फोनवरून टाकायचा असतो. निम्म्या गावाचा फोटो बापूंनी काढलाय. प्रत्येकाच्या फोटोत कोपऱ्यात त्यांचा अंगठा आहे.

फजित्याही झाल्या, त्या लपवून हे चित्र पुरं होणार नाही. एका वर्षी शिवारातला सगळ्यात हिरवा तुकडा त्यांनी शोधून काढला आणि ‘आदर्श व्यवस्थापन’ म्हणून चार पोरांना घेऊन बघायला गेले. ती जमीन अकरा वर्षं दाव्यात होती. पुरुषभर गाजरगवत तरारून आलं होतं. उपग्रहाला हिरवं कळतं, ऊस का गाजरगवत ते विचारायला खाली यावं लागतं. तेव्हापासून बापू आधी जाऊन बघतात आणि मग नकाशा दाखवतात. हे पाहून लोक म्हणतात, मग नकाशा कशाला? त्यावर बापू जे बोलतात ते इथं छापता येणार नाही.

पण चिबडाच्या बाबतीत बापूंची थट्टा करायचं माझं धाडस होत नाही. आमच्या शिवाराच्या खालच्या अंगाला चाळीसेक एकर रान चिबड होऊन गेलंय. कृष्णेचं पाणी आलं, ऊस आला, उसावर ऊस आला, पाटानं वाहिलेलं पाणी काळ्या जमिनीत मुरत राहिलं आणि वर आलं ते मीठ घेऊन. सकाळच्या उन्हात ते रान पिठी साखर भुरभुरल्यासारखं पांढरं दिसतं. खालून पाय रुततो, वर उसाचा कोंब पिवळा पडून बसतो. शिरोळ, मिरज, वाळवा, सगळीकडं ही कथा आहे. आमच्या गावात कारण विचारलं तर प्रत्येक जण वरच्या शेतकऱ्याकडं बोट दाखवतो. सगळ्यात वरचा कॅनॉलकडं.

बापूंनी पाच वर्षांचे टक्कल पडलेले ठिपके एकत्र केले आणि त्याखाली तो कापडी नकाशा सरकवला. जुन्या नकाशात एक ओढा होता. नऊ गटांतून वळसे घेत तो नदीला जायचा. आजच्या चित्रात ओढा नाही, सरसकट ऊस. आणि टकलाचे ठिपके त्या नाहीशा ओढ्याच्या रेघेवर माळेतल्या मण्यांसारखे बसलेले. उपग्रहाच्या उंचीच्या आकड्यांवर त्यांनी भरवसा ठेवला नाही. फुकट मिळणाऱ्या त्या आकड्यांत दोन-चार मीटरची चूक असते आणि आमच्या रानाचा उतारच मुळी दोन हातांचा. त्यांनी गवंड्याची पारदर्शक नळी आणली, पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात दिलं. तीन दिवस आम्ही उसाच्या सऱ्यांतून नळी धरून फिरलो. पाचट कापत होतं, माझे हात सोलले, नळीतले बुडबुडे घालवण्यात दुपार जायची. पण पातळी मिळाली. पाणी अजूनही ओढ्याचीच वाट धरत होतं, फक्त तिथं वाट नव्हती.

शाळेच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून सभा झाली. पहिला अर्धा तास लोकांनी बारीक ठिपक्यांच्या उपग्रहचित्रात आपापली घरं शोधली. कुणी गोबरगॅस ओळखला, कुणी कडब्याची गंजी. एकानं आपल्या दारातला ट्रॅक्टर पाहिला आणि म्हणाला, "म्हंजे ह्यो फोटू हप्तं थकायच्या आधीचा हाय." चित्राची तारीख काढायची ही रीत कुठल्याही पुस्तकात नाही. मग बापूंनी एकेक पदर सोडवत नेला. शेवटी भिंतीवर निळी रेघ आणि तिच्यावर पांढरे ठिपके उरले तेव्हा शाळेत पहिल्यांदा शांतता झाली. कोपऱ्यातून म्हातारे नाना म्हणाले, "बापू, ओढा बुजवला कुनी त्यो बी लेअर लाव की."

बापूंनी माऊस सोडला. टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, "बाहत्तरचा दुष्काळ. ओढा ठणठणीत वाळलेला. पहिल्यांदा केणी घातली ती आमच्या दादांनी. बैलाच्या म्होरं मी हुतो." त्या वेळी ते तेरा वर्षांचे असतील. "सहा गुंठं वाढलं आमचं." मग वरच्यानं भरला, खालच्यानं भरला. आपण नळी धरून तीन दिवस फिरलो तेव्हा या माणसाला शेवट ठाऊक होता, हे मला त्या भिंतीसमोर बसून कळलं.

गेल्या उन्हाळ्यात बापूंनी स्वतःच्या रानातले सहा गुंठे उसासकट उकरले. जेसीबीचे पैसे पेन्शनीतून. जुन्या रेघेवर बरोबर, वळणासकट, चार हात खोल चर. काढताना एके ठिकाणी ओढ्यातले गुळगुळीत गोटे लागले, त्यातला एक त्यांनी लॅपटॉपशेजारी ठेवलाय. खालच्या गटवाल्यानं सभेत हात वर केला होता, पण जेसीबी त्याच्या बांधाला भिडल्यावर तो म्हणाला की भावाला विचारून सांगतो. भाऊ पुण्याला असतो.

सध्या चर बापूंच्या बांधापर्यंत येते आणि थांबते. वरच्या चार गटांचं पाणी आता त्यांच्याच रानात साठतं. नकाशात त्यांनी त्याचा निळा लेअर केलाय, पंधरावा. नाव दिलंय ‘शेततळं (तात्पुरतं)’.